जनावर दगावले, नोटीस आली : पशुवैद्यकांचा व्यावसायिक दायित्व विमा

खानापूर तालुक्यातील एका गोठ्यात काही वर्षांपूर्वी मी एका पशुवैद्यक मित्राबरोबर रात्री गेलो होतो. दोन दिवसांपूर्वी व्यालेली होल्स्टीन संकराची गाय मान कुशीकडे वळवून बसली होती, तिचे कान थंड पडले होते आणि शेपटी पिरगाळली तरी ती उठत नव्हती. दुग्धज्वराचे, म्हणजे व्याल्यानंतर रक्तातले कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराचे, हे चित्र शेतकऱ्यांनाही ओळखीचे असते. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली खुंटीला टांगली, मानेच्या शिरेत सुई घातली आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे एका हाताने नळीवरचे चाक आवळत-सैल करत, दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप धरून ते बसून राहिले, कारण कॅल्शियम वेगाने गेले तर हृदयाचा ताल बिघडतो आणि जनावर जागीच दगावू शकते. त्या रात्री गाईने ढेकर दिली, शेण टाकले आणि अर्ध्या तासात ती उभी राहिली. मात्र तेच औषध, तीच मात्रा आणि तोच हात असूनही एखादी गाय बाटली लावलेली असतानाच मरते, आणि मग मालकाच्या तोंडून एकच वाक्य निघते, "बाटली लावली आणि गाय गेली की ओ!"

हे वाक्य गोठ्यात बोलले जाते तेव्हा तो शोक असतो. तेच वाक्य वकिलाच्या नोटिशीत उतरले की तो दावा होतो. अशा दाव्याचा आर्थिक भार उचलण्यासाठी व्यावसायिक दायित्व विमा असतो, ज्याला विमा कार्यालयात सगळे 'प्रोफेशनल इंडेम्निटी' किंवा थोडक्यात 'पीआय पॉलिसी' म्हणतात. बेळगावात सामान्य विम्याच्या कामात अनेक वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे, की पशुवैद्यकांमध्ये या पॉलिसीची माहिती असणारे पुष्कळ आहेत, पण ती वाचलेले फार थोडे आहेत. या पॉलिसीचे सारे मर्म दोन-तीन तारखांत आणि मोजक्या शब्दांत साठवलेले असते, आणि आपल्या सीमाभागात तर तिचे कागद दोन राज्ये आणि तीन भाषा यांमधून फिरत असतात.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. जनावराचा विमा हा मालकाचा असतो. कानात बिल्ला मारलेली गाय आजाराने किंवा अपघाताने मेली तर विमा कंपनी मालकाला ठरलेली रक्कम देते, त्यात कोणाची चूक होती हा प्रश्न सहसा येत नाही. पशुवैद्यकाचा स्वतःचा अपघात विमा ही दुसरी गोष्ट आहे, कारण म्हशीने लाथ मारून डॉक्टरांचा गुडघा फुटला तर खर्च तो विमा देईल. पीआय पॉलिसी या दोन्हींहून वेगळी आहे. व्यवसाय करताना झालेल्या चुकीमुळे, दुर्लक्षामुळे किंवा काही करायचे राहून गेल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले असा दावा पशुवैद्यकावर झाला, तर बचावाचा खर्च आणि कायद्याने द्यावी लागणारी भरपाई ही पॉलिसी उचलते. या तिन्हींचा कधी कधी एकमेकांशी संबंधही येतो, तो असा, की जनावराचा विमा देणारी कंपनी मालकाला पैसे दिल्यानंतर, नुकसान पशुवैद्यकाच्या हलगर्जीपणाने झाले असे तिला वाटल्यास, मालकाच्या जागी उभी राहून तीच रक्कम पशुवैद्यकाकडे मागू शकते. मालकाशी घरोब्याचे संबंध आहेत म्हणून आपल्याला धोका नाही, हा समज त्यामुळे पुरेसा नाही.

चूक झाली म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरांच्या बाबतीत स्पष्ट केले, की त्या व्यवसायातील सर्वसाधारण कौशल्याची व्यक्ती जी काळजी घेते ती घेतली होती का, हा निकष आहे. निदानात झालेला प्रामाणिक चुकीचा अंदाज किंवा उपचाराला न आलेले यश आपोआप दोष ठरत नाही. पशुवैद्यकाच्या बचावातही हाच विचार मांडला जातो. परंतु दोष नाही हे सिद्ध करण्यासाठीही वकील लागतो, तज्ज्ञाचे मत लागते, तारखांना हजर राहावे लागते. माझ्या पाहण्यात पीआय पॉलिसीचा सर्वात मोठा उपयोग भरपाईपेक्षा या बचावखर्चासाठी झालेला आहे.

आता त्या मोजक्या शब्दांकडे येऊ. आपल्याकडे डॉक्टरांसाठीच्या पीआय पॉलिसीचा मसुदा मूळ माणसांच्या डॉक्टरांना समोर ठेवून लिहिला गेला. त्यात 'रुग्ण', 'रुग्णाचा मृत्यू', 'शारीरिक इजा' असे शब्द येतात. कायद्याच्या नजरेत मात्र गाय, म्हैस किंवा कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे, त्यामुळे गाय मेली तर ते मालमत्तेचे नुकसान ठरते, आणि त्याचे मोल बाजारभाव, बुडालेले दूध व झालेला उपचारखर्च यांवरून काढले जाते. पॉलिसीत फक्त व्यक्तीच्या शारीरिक इजेचा उल्लेख असेल आणि व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने नेहमीच्या सवयीने 'मेडिकल प्रॅक्टिशनर' लिहिले असेल, तर क्लेमच्या वेळी याच शब्दावर वाद उभा राहतो. म्हणून शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, पशुवैद्यकीय व्यवसाय असा स्पष्ट उल्लेख हवा, तसेच उपचारासाठी ताब्यात असलेल्या जनावराला होणारी इजा किंवा मृत्यू धरलेला आहे, हे लेखी हवे. अनेक मालमत्ताविषयक दायित्व पॉलिसींमध्ये 'विमाधारकाच्या ताब्यातील वस्तू' हे कलम अपवादांच्या यादीत असते. टिळकवाडीतल्या एखाद्या क्लिनिकमध्ये शस्त्रक्रियेसाठी रात्रभर ठेवलेला लॅब्राडोर त्या कलमाखाली बाहेर पडू शकतो.

दाखले हा दुसरा शब्द. बाजारात म्हैस गाभण म्हणून विकली जाते आणि पशुवैद्यकाने गर्भतपासणी करून तसा दाखला दिलेला असतो. चार महिन्यांनी म्हैस रिकामी निघाली, तर खरेदीदार विकणाऱ्याकडे जातोच, पण त्याच्या हातात कागद असतो तो डॉक्टरांच्या सहीचा. इथे जनावराला काहीच इजा झालेली नाही, नुकसान निव्वळ पैशाचे आहे. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालू नये हे सांगायचे राहिले आणि डेअरीने दूध परत पाठवले, तर तोही याच जातीचा तोटा. पॉलिसीत 'आर्थिक नुकसान' हे शब्द आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय दाखले देणाऱ्या पशुवैद्यकाने निश्चिंत होऊ नये. दाखला जाणूनबुजून खोटा दिलेला असेल तर मात्र कोणतीही पॉलिसी मदतीला येणार नाही.

यानंतर तारखा. मोटारीच्या विम्यात अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढे पाहतात. पीआय पॉलिसी सामान्यतः 'क्लेम्स मेड' पद्धतीची असते, म्हणजे दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि शिवाय मूळ घटना पॉलिसीत छापलेल्या 'रेट्रोअॅक्टिव्ह डेट'नंतरची असावी लागते. ही पूर्वलक्षी तारीख बहुधा पहिल्यांदा पॉलिसी घेतलेल्या दिवसाची असते आणि खंड न पडता रिन्युअल होत राहिले तर ती तशीच पुढे चालते. खंड पडला की ती मोडते.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चिकोडीच्या एका डॉक्टरांनी 10 जून 2022 रोजी पहिली पॉलिसी घेतली आणि दरवर्षी वेळेवर नवी केली. 2025 मध्ये लगीनसराई, घरातले आजारपण अशा कारणांनी 9 जूनची मुदत टळली आणि त्यांनी 2 जुलै रोजी पैसे भरले. कंपनीने ती नवीन पॉलिसी म्हणून दिली आणि पूर्वलक्षी तारीख 2 जुलै 2025 अशी छापली. त्यांच्या हातून उपचार झालेली एक गाय 20 एप्रिल 2025 रोजी मेली होती, तिच्या मालकाची नोटीस 11 सप्टेंबर रोजी आली. घटनेच्या दिवशी जुनी पॉलिसी चालू होती, नोटिशीच्या दिवशी नवी पॉलिसी चालू होती, प्रीमियम दोन्हींचा भरलेला होता आणि तरीही क्लेम बसत नाही, कारण जुन्या पॉलिसीच्या मुदतीत दावा आला नाही आणि नव्या पॉलिसीच्या पूर्वलक्षी तारखेच्या आधी घटना घडली. बावीस-तेवीस दिवसांच्या दिरंगाईने तीन वर्षांचे संरक्षण गेले. यातून वाचण्याची एक वाट काही पॉलिसींत असते : दावा होऊ शकेल अशी घटना घडल्याबरोबर, नोटिशीची वाट न पाहता, कंपनीला लेखी कळवले तर पुढे येणारा दावा कळवलेल्या वर्षातला धरला जातो. एप्रिलमध्येच एक ओळीचा ईमेल गेला असता तर चित्र वेगळे झाले असते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफही होऊ शकतो. म्हणजे व्यवसाय थांबवलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा परदेशी गेलेल्या पशुवैद्यकावरही मागच्या कामाबद्दल दावा येऊ शकतो. त्यासाठी पॉलिसी बंद करताना वाढीव कळवणी-मुदत, म्हणजे पॉलिसी संपल्यावरही मागच्या कामाचा दावा कळवण्याची सवलत, मिळते का, हे विचारावे.

रकमेबद्दल थोडक्यात. शेड्यूलमध्ये दोन मर्यादा असतात, एका घटनेसाठी आणि पूर्ण वर्षासाठी, आणि त्यांचे प्रमाण एकास एक, एकास दोन असे निवडता येते. बचावाचा खर्च बहुतेक वेळा याच मर्यादेच्या आत मोजला जातो. प्रत्येक दाव्यातील पहिला ठरावीक भाग, ज्याला 'एक्सेस' म्हणतात, तो स्वतः सोसावा लागतो. तो जास्त ठेवला तर प्रीमियम कमी दिसतो, पण साध्या गाईच्या दाव्यात सगळी रक्कम त्यातच संपू शकते. प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी लागतो. मर्यादा ठरवताना आपण कोणती जनावरे हाताळतो हे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांच्या शर्यतीविषयक कायदादुरुस्त्या वैध ठरवल्यापासून शर्यतीच्या बैलांचे मोल लाखांत बोलले जाते, आणि अशा खिलार बैलाला भूल देणारा डॉक्टर व दोन शेळ्यांना जंताचे औषध पाजणारा डॉक्टर यांची गरज एक असू शकत नाही.

सीमाभागाचा मुद्दा इथे सुरू होतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची ओलांडले की शिनोळी लागते आणि राज्य बदलते. जनावराला व मालकाला त्याचे सोयरसुतक नसते. चंदगड तालुक्यातला शेतकरी बेळगावच्या डॉक्टरांना बोलावतो, निपाणीचे डॉक्टर कागलच्या गोठ्यात जातात, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत दोन्हीकडची जनावरे एका रांगेत उभी असतात. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार मुख्यतः डॉक्टर जिथे व्यवसाय करतो किंवा जिथे कारण घडले तिथेच करता येई. 2019 च्या कायद्याने, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाण्याची मुभा दिली. त्यामुळे बेळगावच्या क्लिनिकमध्ये आणलेल्या कुत्र्याबद्दलची तक्रार चंदगडचा मालक कोल्हापूरच्या आयोगात दाखल करू शकतो, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला दाखल करण्याचे शुल्कही लागत नाही. पॉलिसीची प्रादेशिक मर्यादा संपूर्ण भारत अशी असावी, केवळ क्लिनिकच्या पत्त्यापुरती नसावी. तसेच शेजारच्या राज्यात नियमित काम करणाऱ्याने आपली नोंदणी तिकडच्या कामाला पुरेशी आहे याची खात्री संबंधित राज्य पशुवैद्यक परिषदेकडून लेखी करून घ्यावी, कारण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी हाच व्यवसायाचा पाया आहे आणि वैध नोंदणीशिवाय केलेल्या कामाला विम्याचे छत्र नसते.

शासकीय दवाखान्यातील डॉक्टर विचारतात, आम्हाला याची गरज आहे का? सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली आणि नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही असेही म्हटले. दिवाणी दाव्याचा मार्ग तरीही खुला राहतो, आणि कर्तव्याबाहेर मोबदला घेऊन केलेल्या कामाची जबाबदारी शासन घेईल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

भाषेचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडेच सर्वात कमी लक्ष दिले जाते. पॉलिसी इंग्रजीत, दवाखान्याचे छापील संमतिपत्र कन्नडमध्ये आणि गोठ्यातले बोलणे मराठीत, अशी आपल्याकडची स्थिती आहे. अडलेल्या म्हशीचे पोट फाडून वासरू काढण्यापूर्वी मालकाची सही घेतली जाते, पण त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता आलेले नसते, आणि त्याचा वकील पुढे नेमके हेच मांडतो. उपाय अगदी साधा आहे. धोका काय, पर्याय काय आणि खर्च किती, हे मालकाच्या भाषेत चार ओळींत लिहून त्याखाली सही किंवा अंगठा घ्यावा, वाचून दाखवणाऱ्याचे नाव व सही घ्यावी, जनावराच्या कानातील बाराआकडी बिल्ल्याचा फोटो काढावा आणि वापरलेल्या औषधाचा बॅच नंबर केसपेपरवर उतरवावा. जनावर दगावले तर शवविच्छेदन उपचार करणाऱ्याने स्वतः न करता दुसऱ्या पशुवैद्यकाकडून करून घेतलेले बरे, कारण स्वतःच्याच कामाचा अहवाल स्वतः लिहिला की त्याचे वजन कमी होते.

आणि मग येतो पार. जनावर मेल्यावर संध्याकाळी गावातली चार वडीलधारी मंडळी जमतात, "डॉक्टरसाहेब, गरिबाचं नुकसान झालंय, तीस हजार द्या आणि मिटवून टाका" असे सांगतात, आणि गावात पुन्हा पाऊल ठेवायचे आहे म्हणून डॉक्टर पैसे देतात. माणूस म्हणून मला ते समजते. विम्याच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी घडतात. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबूल केलेली किंवा दिलेली रक्कम पॉलिसीच्या अटींप्रमाणे परत मिळत नाही, आणि पैसे देणे हाच चुकीचा कबुलीजबाब म्हणून पुढे वापरला जाऊ शकतो. बैठकीत सहानुभूती जरूर दाखवावी, पण रक्कम बोलण्याआधी कंपनीला कळवावे.

आयोगाची नोटीस हातात पडल्यावर तर एकेक दिवस मोलाचा असतो. उत्तर देण्यासाठी तीस दिवस आणि आयोगाने मुदत वाढवली तर आणखी पंधरा, एवढाच वेळ कायद्यात आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही असे सांगितले. नोटीस टपालाच्या पाकिटासकट स्कॅन करून त्याच दिवशी कंपनीला पाठवावी आणि पोच घ्यावी. मी पाहिलेल्या एका प्रकरणात नोटीस दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजवर महिनाभर पडून होती.

बंदी असलेले औषध वापरले असेल तर पॉलिसीकडून अपेक्षा करू नये. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे, 2023 मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांचीही त्यात भर पडली, आणि कायदा मोडून केलेले कृत्य, नशेत केलेला उपचार, दंड व शिक्षा हे सारे पॉलिसीच्या अपवादांत असते. "नक्की बरी करतो" अशी हमी दिली असेल तर त्या हमीतून उभी राहणारी देणीही बहुधा बाहेरच राहतात.

शेवटी विद्यार्थी. बेळगाव जिल्ह्यातच अथणी तालुक्यात बिदरच्या विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आपल्याकडची मराठी मुले साताऱ्याच्या बाजूला शिरवळलाही शिकायला जातात. साडेपाच वर्षांच्या पदवीतील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने दायित्व संरक्षण आवश्यक ठरवले आहे आणि अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी वेगळी पॉलिसीही मिळते. भारतात पशुवैद्यकांना अशी कायदेशीर सक्ती नाही. इंटर्न मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करत असताना त्याच्या चुकीची जबाबदारी प्रामुख्याने संस्थेवर आणि मार्गदर्शकावर जाते, म्हणून मार्गदर्शकाने स्वतःच्या पॉलिसीत सहायक व प्रशिक्षणार्थी यांच्या हातून होणाऱ्या चुका धरल्या आहेत का हे पाहावे, आणि विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडे हाच प्रश्न लेखी विचारावा. महाविद्यालय जो अपघात विमा काढते तो विद्यार्थ्याला झालेल्या इजेचा असतो. ब्रुसेलाची लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर तो उपयोगी पडेल, मालकाच्या कालवडीचे काही झाले तर नाही.

सुट्टीत गावी आलेल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलाला शेजारी हाक मारतात, "जरा बघ की रे म्हशीला, तू डॉक्टरच नव्हं?" आणि तो सलाईन लावतो. त्या क्षणी तो नोंदणी नसलेला माणूस असतो, त्याच्यामागे ना महाविद्यालय उभे असते ना मार्गदर्शक, आणि कोणतीही पीआय पॉलिसी त्या कामाला लागू होत नाही. नोंदणी हातात आल्यावर पहिली खासगी केस घेण्यापूर्वीच पॉलिसी सुरू केली, तर पूर्वलक्षी तारीख व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासूनची मिळते. दोन वर्षे प्रॅक्टिस करून मग घेतली, तर त्या दोन वर्षांतले काम कंपनी खास मान्य करेपर्यंत उघडेच राहते.